कोंदणात खडा खुळखुळतो नाहीतर शिरतच नाही, बेझल करणाऱ्यांनी मदत करा (नाशिक)

रेवा | शनिवार, रात्री १०:१५
नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं घरीच चांदीचे दागिने करतेय, गंगापूर रोडला राहते, मागच्या गॅलरीत टेबल टाकून काम चालतं. तारेचं काम, वाळ्या, साध्या अंगठ्या आता बऱ्या जमतात. पण खड्याचं कोंदण म्हणजे आपलं बेझल, ते काही केल्या नीट बसत नाहीये.

पट्टी शुद्ध चांदीची, ०.३ मिमी जाड, खाली ०.५ मिमीचा पत्रा. पट्टीची लांबी काढायला गोल खड्याला व्यास अधिक पट्टीची जाडी, या बेरजेला गुणिले ३.१४, आणि अंडाकृतीला लांबी-रुंदीची सरासरी काढून तेच. हे बरोबर आहे ना? कारण सुरुवातीला एका लांबट खड्याला याच हिशोबाने पट्टी कापली तर आखूड पडली, खडा शिरेचना. म्हणून तेव्हापासून सगळ्यांनाच १ मिमी जास्त घेते. आता गोल खडे खुळखुळतात आणि दाबून बसवायला गेलं की कडेला चुण्या पडतात. त्यात गेल्या आठवड्यात एक छान मूनस्टोन दाबताना टिक् आवाज होऊन तडकला, तेव्हापासून हात लावायची भीतीच बसलीय.

खरं कारण असं की आईची पोवळ्याची अंगठी आहे, तिच्या लग्नातली. कोंदण झिजून कागदासारखं झालंय, पोवळं हलतं. ते मला माझ्या हाताने नवीन कोंदणात बसवून द्यायचंय. पोवळं १६ × ८ मिमीचं आहे, लांबुळकं. त्याला हात लावायच्या आधी त्याच मापाच्या काचेच्या खड्यावर सराव चाललाय. कुठे चुकतंय?

चिमटा | शनिवार, रात्री १०:४०
फोटो टाका, वरून नको, बाजूने आणि आतून. जोड कसा दिसतोय ते बघायचंय.

सराफ्यातला_काका | रविवार, सकाळी ७:०५
रेवाताई, सराफ बाजारात चाळीस वर्षं बैठक केली, आता मुलगा बसतो, म्हणून सकाळी सकाळी लिहायला वेळ आहे.

पहिलं म्हणजे पाकिटावरचं माप विसरायचं. १८ × १३ लिहिलेलं असतं, पण हाताने घासलेला खडा कधी १७.६ निघतो, कधी एका बाजूने फुगीर. कोंदण त्या खड्याचं करायचं, त्या मापाचं नाही. कागदाची बारीक पट्टी कापा, खड्याच्या कमरेभोवती घट्ट गुंडाळा, दोन्ही थर एकावर एक आले की ब्लेडने एकदम काप मारा. ती कागदाची पट्टी उलगडून चांदीवर ठेवा आणि वर पट्टीच्या जाडीच्या तिप्पट वाढवा, म्हणजे तुमच्या पट्टीला साधारण १ मिमी. कागद खड्याला चिकटून फिरतो, चांदी तिच्या जाडीमुळे बाहेरून फिरते, म्हणून ही वाढ.

दुसरं, शंका असेल तर कोंदण केसभर लहान करा, मोठं करू नका. लहान झालेलं रुळावर, म्हणजे निमुळत्या लोखंडी दांड्यावर, चढवून हलक्या हातोडीने ठोकत फिरवलं की वाढतं. मोठं झालेलं कापून परत झाळावं (सोल्डर करावं) लागतं. आमचे वडील म्हणायचे खडा आत जाताना "हं" म्हटला पाहिजे, "आहा" नाही.

तिसरं, पट्टीची दोन टोकं कानशीने काटकोनात सपाट करा आणि उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर झाळू नका. झाळ फट भरत नाही, ती फक्त भिडलेल्या दोन कडांमध्ये पळते. नव्या मुलांचे निम्मे जोड इथेच सुटतात.

टूलरूम_सातपूर | रविवार, सकाळी ९:३०
काकांचं पटलं. पण रेवा यांचा फॉर्म्युला का फसला ते मला आकड्यात दिसतंय, म्हणून लिहितो. मी सातपूरला टूलरूममध्ये आहे, दागिन्यांतलं काही कळत नाही, बायको करते.

सरासरीचा हिशोब गोलाला अचूक आहे, अंडाकृतीला फक्त जवळपास. जेवढा खडा लांबट, तेवढं उत्तर कमी येतं. तुमचा १६ × ८ घ्या. पट्टीसकट १६.३ आणि ८.३, सरासरी १२.३, गुणिले ३.१४ केले की ३८.६ मिमी. खरा परीघ काढला तर येतो ३९.७. म्हणजे सरळ १ मिमी आखूड, खडा शिरणारच नाही. आता १८ × १३ घ्या. फॉर्म्युला म्हणतो ४९.६, खरा परीघ ४९.९५, फरक साधारण एक तृतीयांश मिमी. आणि गोलाला फरक शून्य.

म्हणजे तुम्ही जी १ मिमी सगळ्यांना वाढवता ती लांबट खड्याला लागतेच, १८ × १३ ला निम्म्याहून जास्त फाजील आहे आणि गोलाला पूर्णच फाजील. परिघात १ मिमी जास्त झाला की व्यास ०.३२ ने वाढतो, म्हणजे दोन्ही बाजूंना ०.१६ ची फट. आमच्याकडे एवढ्या फटीत शाफ्ट खडखडतो, तुमचा खडा खुळखुळणार नाही तर काय होईल. चुण्या पण त्याचमुळे, ती जास्तीची चांदी दाबताना कुठेतरी जाणारच ना.

रेवा | रविवार, सकाळी ९:५२
अरे देवा!! म्हणजे एका खड्याचं औषध मी सगळ्यांना देत बसले. टूलरूमदादा, वहीत लिहून घेतलं. काका, कागदाची पट्टी आजच करून बघते.

रानजाई | रविवार, दुपारी १२:२०
मी तर कधीच हिशोब करत नाही. चांदीची पट्टी ताव देऊन मऊ करायची, खड्याभोवती सरळ गुंडाळायची, खूण करायची, कापायचं. शंभरेक पेंडंट झाली असतील. आकडेमोड करून परत कानस मारायचीच असते, मग दोनदा काम कशाला.

एक टीप, ट्रायल घेताना खड्याखालून दात साफ करायचा धागा आडवा टाकून ठेवा. खडा आत अडकला की दोन्ही टोकं धरून उचलायचा. सुईने उचकटायला गेलं की कड खराब होते.

टूलरूम_सातपूर | रविवार, दुपारी १२:४४
ताई गुंडाळूनच करणार असाल तर उत्तमच. पण ऑर्डर फोनवर आली आणि खडा अजून कुरियरमध्ये असेल तर आकडे लागतात, एवढंच म्हणणं.

सराफ्यातला_काका | रविवार, दुपारी १:१०
दोघांचं बरोबर. फक्त रानजाईताई, गुंडाळताना पट्टी खड्याच्या सगळ्यात रुंद जागी, खाली कमरेला लागतेय ना ते बघत जा. वरच्या उतारावर गुंडाळली तर कोंदण लहान येतं, आणि मग माणूस खड्याला दोष देतो.

प्रवासी_पाखरू | रविवार, दुपारी २:३०
एवढा खटाटोप कशाला, कास्टिंगची तयार कोंदणं मिळतात, १८ × १३, १४ × १०, पाहिजे ती. नाहीतर सरळ चार नखांची अंगठी करा, उजेडही जास्त येतो.

चिमटा | रविवार, दुपारी २:४१
@प्रवासी_पाखरू तयार कोंदण ठरलेल्या मापाच्या खड्यांना चालतं. खंबायतचा हाताने घासलेला अकीक (ॲगेट) त्यात घालून बघा, एक कड बाहेर राहते. आणि पोवळ्याला नखं? पोवळं नरम, मोहस मापावर (हिरा १०) कठीणपणा ३ ते ४ च्या मधे. कड झाकणारं कोंदणच त्याला वाचवतं.

खाणीतला_दगड | रविवार, सायं. ५:५५
मूनस्टोन का तडकला यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी सिन्नरचा, दगड घासायची हौस आहे.

रेवा, त्या मूनस्टोनच्या पोटाकडची धार चाकूसारखी काटकोनात होती का? पट्टी पत्र्याला झाळली की आतल्या कोपऱ्यात झाळीची एक बारीक गोलाई राहतेच, कितीही कमी झाळ लावा. खड्याची खालची धार तीक्ष्ण असेल तर ती त्या गोलाईवर अधांतरी बसते आणि मधे पोट हवेत. मग वरून दाब दिला की एका जागी सगळा जोर येतो आणि टिक्. मूनस्टोनला तर चिरण्याच्या ठरलेल्या दिशा असतात, तो लगेच उघडतो.

उपाय सोपा आहे. खड्याच्या खालच्या धारेला चहूबाजूंनी बारीक उतार द्या, नखाच्या कडेएवढा. काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून, खडा ४५ अंशात धरून फिरवायचा. आणि कोंदणात झाळीची गाठ राहिली असेल तर ती खरवडून काढायची. खडा नुसता ठेवला की पोट पूर्ण टेकलं पाहिजे, बोटाने एका कडेला दाबलं तर दुसरी कड उचलली जाता कामा नये.

रेवा | रविवार, सायं. ६:२०
हो!! अगदी धारदार होती. आणि झाळीचे तुकडे मी आतल्या बाजूने टाकले होते, एक गाठ राहिली होती, मला वाटलं खड्याखाली झाकली जाईल.

चिमटा | रविवार, सायं. ६:३३
तुकडे बाहेरून कडेला लावा. पत्रा कोंदणापेक्षा दोन मिमी मोठा ठेवा म्हणजे त्यावर झाळ बसायला जागा मिळते, जास्तीचा पत्रा नंतर कापायचा. आणि पट्टीची खालची कड काचेवरच्या पेपरवर आठ आकड्यासारखी फिरवून एकदम सपाट करा, नाहीतर झाळ पळत नाही आणि आपण आच वाढवत बसतो.

आच पट्टीला नाही, पत्र्याला द्यायची. शुद्ध चांदी ९६१ अंशाला वितळते हे खरं, पण ०.३ ची पट्टी पत्र्यापेक्षा कितीतरी आधी तापते. झाळ नेहमी जास्त तापलेल्या बाजूला पळते. पट्टीच आधी तापली तर सगळी झाळ पट्टीवर चढून बसते आणि खाली जोड कोराच.

ओवी_१२ | रविवार, रात्री ८:०५
थोडं अवांतर. @खाणीतला_दगड, सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये हिरवे अपोफिलाइट बघितल्यापासून मला तसा खडा कोंदणात बसवायचाय. जमेल?

खाणीतला_दगड | रविवार, रात्री ८:४०
जमेल, पण अंगठीत नको. आपल्या भागातल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारी ही खनिजं दिसायला स्वर्ग, कठीणपणा मात्र साडेचार-पाच. अपोफिलाइट आडव्या दिशेने पापुद्र्यासारखा सुटतो, आणि त्याच्या घडणीतच पाणी असतं, म्हणून आचेच्या जवळपास न्यायचा नाही. स्टिल्बाइट तर त्याहून नरम. पेंडंट करा, पातळ मऊ पट्टीचं कोंदण, आणि दाब बोटाएवढाच. माझा एक दोन वर्षं टिकलाय, बहिणीच्या गळ्यात आहे.

गोदाकाठची | रविवार, रात्री ९:१०
रेवा, आईच्या पोवळ्याबद्दल. आमच्या घरी म्हणतात पोवळं बोटाला टेकलं पाहिजे, मागून बंद कोंदण चालत नाही. तुझ्या आईचं काय म्हणणं? आधी विचारून घे, नाहीतर केलेलं परत उघडावं लागेल, माझ्या मावशीचं तसंच झालं.

टूलरूम_सातपूर | रविवार, रात्री ९:२२
यात शास्त्र काय आहे मला माहीत नाही बुवा.

गोदाकाठची | रविवार, रात्री ९:३०
दादा मी शास्त्राचं म्हणत नाहीये, आईच्या मनाचं म्हणतेय. अंगठी तिच्या बोटात राहणार आहे.

सराफ्यातला_काका | रविवार, रात्री १०:०२
वाद नको. त्र्यंबकला येणारी माणसं परत जाताना आमच्याकडे खडे बसवून घ्यायची, दहातली आठ मागून उघडीच मागायची. ज्यांचा विश्वास नाही त्यांनाही मी उघडंच सुचवतो, कारण कामाला सोयीचं पडतं. पत्र्याला मधून खिडकी कापायची, चहूबाजूंनी एक-दीड मिमीची कड ठेवायची, तीच खड्याची बैठक. ट्रायल घेताना मागून काडीने ढकललं की खडा बाहेर, धाग्याची पण गरज नाही. मागून धुता येतं, आत साबण साचत नाही. फक्त खिडकी कापून कड पूर्ण सपाट ठेवा आणि वरची धार मारा.

पोवळ्याला आंबट लावू नका हे पण सांगून ठेवतो. झाळकाम झालं की तुरटीच्या नाहीतर ॲसिडच्या पाण्यातून काढलेली अंगठी सोड्याच्या पाण्यात बुडवून, स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच पोवळं बसवायचं. पोवळं म्हणजे चुन्याचाच प्रकार, लिंबूसुद्धा त्याची झिलई खातं. अंगठीची कडी, माप वाढवणं, सगळं झाळकाम आधी. खडा शेवटी. खडा बसल्यावर अंगठी आचेकडे न्यायची नाही.

रानजाई | रविवार, रात्री १०:२५
काका, खडा कोंदणात खोल बसला तर खाली लाकडाचा भुसा घालतात तो चालेल का? मला एकांनी क्लासमध्ये तसंच शिकवलंय.

सराफ्यातला_काका | रविवार, रात्री १०:४८
घालायचे, मी पण घातलाय. आता घालू नका. भुसा पाणी पितो, फुगतो, अंगठी तर रोज भिजते. खडा खोल जात असेल तर कोंदणच उंच झालंय, ते घासून कमी करा. अगदीच लागलं तर चांदीच्या पातळ पत्र्याचा तुकडा खड्याच्या आकारात कापून खाली ठेवा.

उंचीचं पण बोलायचं राहिलं. खडा जिथून आत वळायला लागतो, त्याच्या जरासं वरपर्यंत पट्टी हवी. पाच मिमी उंच खड्याला दीड ते दोन मिमी पुरे होते. त्याहून जास्त ठेवली की खडा झाकला जातो आणि वरची कड आत वळताना चुण्या पडतात, कारण वरचा घेर खालच्यापेक्षा बराच लहान. भीतीपोटी उंच ठेवतात मुलं, की खडा पडेल. घट्ट बसलेली दीड मिमी पट्टी सैल तीन मिमीपेक्षा जास्त धरते.

निशिगंध | रविवार, रात्री ११:१५
इथे सगळे शुद्ध चांदीच म्हणताय. अंगठीला मी ९२५ ची (९२.५ टक्के चांदी, बाकी बहुतेक तांबं) पट्टी वापरते. शुद्ध चांदीची कड रोज घासून घासून दोन-तीन वर्षांत पातळ होते. रेवाच्या आईच्या अंगठीत पण तेच झालेलं दिसतंय.

चिमटा | रविवार, रात्री ११:३१
९२५ कडक, ती वळवायला जोर जास्त लागतो, आणि पोवळ्यावर तेवढा जोर देववत नाही. शिवाय ती ८०० अंशाच्या आसपासच पाघळायला लागते आणि तापवली की वर तांब्याचा डाग येतो. अंगठीला शुद्धच घ्या पण ०.४ ची. जाडी वाढली की आयुष्य वाढतं.

निशिगंध | रविवार, रात्री ११:४०
०.४ मान्य. पण कठीण खड्याला, अकीक वगैरेला, मी ९२५ सोडणार नाही.

सराफ्यातला_काका | सोमवार, सकाळी ६:५०
निशिगंधताई, अकीकाला चालेल, तो सातच्या जवळ कठीण आहे. पोवळ्याला चिमटा म्हणतात ते करा. आणि रेवाताई, ०.४ घेतली तर कागदावर १ नाही, सव्वा मिमी वाढवायचे.

चुण्या उरल्यात. खडा बसवताना एका टोकापासून सुरू करून गोल गोल दाबत जायचं नाही. तसं केलं की सगळी जास्तीची चांदी शेवटच्या जागी ढकलली जाते आणि तिथे घडी पडते. घड्याळ धरा. १२ ला दाबा, मग समोर ६ ला. ३ ला, मग ९ ला. मग त्यांच्या मधे, परत समोरासमोर. पहिल्या फेरीत नुसतं टेकवायचं, तिसऱ्या-चौथ्या फेरीत घट्ट करायचं. चौकोनी खड्याला आधी कोपरे, मग बाजू. शेवटी ओपणीने, म्हणजे घोटायच्या गुळगुळीत हत्याराने, कड घोटायची. माझी अकीकाची ओपणी आजोबांची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेचं पाणी सराफ बाजारात शिरलं तेव्हा लाकडी ठोकळा, लाखेच्या मुठी, मापांच्या वह्या गेल्या. ती मात्र खिशात होती.

गोदाकाठची | सोमवार, सकाळी ७:३०
काका, वाचूनच बरं वाटलं. आमची दुकानं भांडी बाजारात, त्या वर्षीचा गाळ आम्ही पण उपसलाय.

टूलरूम_सातपूर | सोमवार, सकाळी ८:१०
ओपणी हवी असेल तर स्टीलच्या जुन्या सुया-ड्रिलच्या दांड्या असतात, टोक गोल करून आरशासारखं पॉलिश केलं की झालं. बायकोला तशीच करून दिलीय. एकही ओरखडा राहता कामा नये, तो जसाच्या तसा चांदीवर उमटतो.

रेवा | पुढचा रविवार, सायं. ४:१५
मंडळी, आठवडाभर रोज रात्री बसले. सांगते काय झालं.

काचेच्या १६ × ८ ला कागदाची पट्टी गुंडाळून सव्वा मिमी वाढवले, ०.४ ची पट्टी. टूलरूमदादांच्या हिशोबाने खरा परीघ काढून पण बघितला, दोन्ही उत्तरांत अर्ध्या मिमीहून कमी फरक. टोकं उजेडात धरून तीनदा घासली. पहिलं कोंदण लहान आलं, रुळावर ठोकून वाढवलं, आणि खडा खरंच "हं" म्हणत आत गेला, काका!

दुसऱ्यांदा मागून खिडकी कापून केलं. आईला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "उघडंच हवं, तुझ्या बाबांनी पण तसंच करून घेतलं होतं." जुनी अंगठी मी नीट उलटून पाहिलीच नव्हती. मागे झिजलेली, पण खिडकी आहेच.

काल रात्री खरं पोवळं बसवलं. त्याच्या खालच्या धारेला आधीच उतार होता, ज्याने कोणी ते घासलं असेल त्याला माहीत होतं. १२, ६, ३, ९. चार फेऱ्या लागल्या. चुण्या नाहीत, फक्त एका टोकाला, जिथे अंडाकृती निमुळती होते, तिथे पट्टी खड्याला पूर्ण टेकलेली नाही, कागद सरकेल इतकी फट आहे. ती कशी बसवू? आणखी दाबायची भीती वाटतेय.

सराफ्यातला_काका | पुढचा रविवार, सायं. ५:००
टोकाला सरळ खाली दाबू नका, पोवळ्याचं टोकच नाजूक असतं. टोकाच्या दोन्ही अंगांना, साडेअकरा आणि साडेबाराला, बाहेरून आत ओपणीने हळूहळू घोटत या. चांदी टोकाकडे सरकते आणि आपोआप टेकते. तरी फट राहिली तर बारीक कानशीने त्या जागी बाहेरून पट्टी थोडी पातळ करा, पोवळ्याला चिकटपट्टी लावून, मग घोटा. झालं की मागच्या बाजूचा फोटो टाका.

रेवा | पुढचा रविवार, रात्री ९:४५
टेकली! कागद सरकत नाही आता. फोटो उद्या उजेडात काढते, अंगठी आईने घालून झोपलीय.